पुढच्या बाल्कनीतलं ऊन

११ फेब्रुवारी

चि. मुलीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फोन तू उचलत नाहीस. फोन न उचलायला काहीच करावं लागत नाही, पत्र फाडायला निदान ते हातात तरी घ्यावं लागतं, म्हणून पत्र. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, ती आधीच पडली आहे.

खरंच पडली आहे. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता लेकाकडे असते, आणि सुनेला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. तेव्हा कुत्रं माझ्याकडे. मला कोणी विचारलं वगैरे नाही. तिचा मुलगा आला, एक टोपली, एक वाडगं आणि एक पिल्लू ठेवून, 'मावशी, थोडेच दिवस हं,' म्हणून जिना उतरून गेलासुद्धा. थोडेच दिवस म्हणजे किती ते मला चांगलं माहीत आहे. तुझ्या बाबांची आत्या थोड्याच दिवसांसाठी आली होती, सात वर्षं राहिली.

पिल्लू पाच महिन्यांचं आहे. आखूड पायांचं, लांब पोटाचं, मातकट रंगाचं. मावशीने त्याचं नाव साहेब ठेवलंय, कारण काडीचं काम न करता ते खुर्चीखाली बसून सगळ्यांवर नजर ठेवतं. एकतीस वर्षं कारखान्यात साहेबांनी करून ठेवलेलं निस्तरलं, वाटलं होतं निवृत्तीनंतर सुटेन. आता चारचौघांत हाक मारायची, 'साहेब, चला, शू करायला.' मावशीने त्याचे लाड केले, शिकवलं काही नाही. घरभर वर्तमानपत्रं पसरून ठेवायची आणि तो जिथे पसरलेली नाहीत तिथे करायचा.

मुद्द्याचं लिहिते. सुट्टीत छोटीला घेऊन येशील का, एवढंच विचारायचं होतं. दोन वर्षं झाली. ती आता सहा वर्षांची झाली असेल, दात पडायला लागले असतील. तिचा निळा कंगवा अजून माझ्या आरशापाशी आहे. एका चादरीवरून माणसं एवढं धरून बसत नाहीत.

गुडघे दुखतात. तीन जिने आहेत, आणि या प्राण्याला दिवसातून सहा वेळा खाली न्यायचं असतं. बाकी ठीक.

आई


२४ फेब्रुवारी

चि. मुलीस,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं, पण पत्रपेटी रोज उघडून बघते. खाली जातेच आहे तर बघायला काय जातं.

साहेबाने जीव नकोसा केलाय. दारात, पायपुसण्यावर, स्वयंपाकघरात ओट्याखाली. खाली नेलं की अर्धा तास नुसतं वास घेत फिरतो, मी त्याच्यामागे दोरी धरून उभी. वर आलो, मी चप्पल काढते न काढते तोच बैठकीत तळं. मग मी ओरडते. माझा आवाज तुला माहीत आहे. कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्याच्या खडखडाटावर एकतीस वर्षं ओरडून बोललेला घसा आहे, तो काही हळू होत नाही. चप्पल जमिनीवर आपटते. त्याला मारलेलं नाही, हे आधीच सांगते.

धाकाचा उपयोग झालाही. सलग तीन दिवस घरात कुठे थेंब दिसला नाही. मी मावशीला फोन करून ऐकवलं, 'बघ, तुझ्याकडे इतक्या दिवसांत जमलं नाही ते मी पंधरा दिवसांत करून दाखवलं.' ती म्हणाली, 'ताई, तुझ्यापुढे माणसं सरळ होतात, तो तर कुत्रा.' हे तिने कौतुकाने म्हटलं असं मी धरून चालले.

चौथ्या दिवशी वास आला. तुझ्या खोलीतून. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट आहे ना, तिथे तो आत सरकून करत होता. तीन दिवसांचं सगळं तिथे होतं. मी खराट्याची काडी घालून जमेल तेवढं काढलं. कपाट मला एकटीला हलत नाही.

आणि आता त्याची मजल पलंगापर्यंत गेली आहे. परवा सकाळी माझी चादर ओली. मी त्याला दारात उभा करून असा फैलावर घेतला की तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनाही शब्द न् शब्द ऐकू गेला असेल. चादर धुतली, गादी उन्हात टाकायची म्हटलं तर मला उचलत नाही. कंबर धरली आहे.

या वयात हे सगळं नको होतं. सुट्टीचं कळव.

आई


९ मार्च

चि. मुलीस,

साहेबाला डॉक्टरकडे नेलं. म्हटलं काही आजार असेल तर औषध तरी देतील. प्राण्यांची डॉक्टरीण तुझ्याहून लहान आहे, दोन्ही हातांवर मांजरांचे ओरखडे, आणि बोलताना माझ्याकडे कमी, त्याच्याकडे जास्त बघते.

"ओरडता का याच्यावर?"

"ओरडू नको तर काय पाया पडू?"

ती हसली नाही. म्हणाली, "काकू, ओरडल्यावर तो घरात करू नये असं शिकत नाही. तुमच्यासमोर करू नये एवढंच शिकतो. म्हणून कपाटामागे जातो."

मी म्हटलं, "पलंगावर पण करतो."

तिने साहेबाचे पाय बघितले. चार बोटं उंचीचे. "पलंग केवढा उंच आहे तुमचा?"

"असतो तेवढाच."

तिने पुढे काही विचारलं नाही. मग जे सांगितलं ते असं: उठला की, खाल्लं की, खेळून झालं की खाली न्यायचं, रोज एकाच जागी. त्याने केलं की तिथल्या तिथे शाब्बास म्हणायचं, पाठीवरून हात फिरवायचा, बिस्किटाचा तुकडा द्यायचा. घरात केलं तर गप्प बसून पुसायचं. आणि कपाट हलवून ती जागा व्हिनेगरने धुवायची, नाहीतर वासाने तो परत तिथेच जाणार.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण शाब्बास मनापासून म्हणा. त्यांना खोटं कळतं."

घरी येताना मी हिशेब घालत होते, शेवटचं शाब्बास कोणाला म्हटलं होतं. आठवेना. तू म्हणशील, त्यात आठवायचं काय. पण मुली, माझं कामच तसं होतं. समोर पांढरा दिवा, त्याच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकतायत, मिनिटाला साठ. चीर, बुडबुडा, वाकडी मान दिसली की उचलायची आणि तुकड्यांच्या पेटीत फेकायची. चांगल्या बाटलीला कोणी हात लावत नाही, तिला कोणी काही म्हणत नाही, ती पुढे जाते. एकतीस वर्षांत माझ्या हाताला फक्त वाईट बाटली लागली. पाळी संपवून घरी यायचे तेव्हाही डोळ्यांपुढे तो दिवा असायचा, आणि समोरून तू जायचीस.

मी गप्प असले म्हणजे सगळं चांगलं चाललंय, असं मी समजत होते. तुला कोणी ते सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

असो. पहिल्या दिवशी साहेबाला शाब्बास म्हटलं ते मयताच्या घरी 'फार वाईट झालं' म्हणतात तशा आवाजात. शिवणवाल्या बाई दारात बसून बटणं लावत होत्या. म्हणाल्या, "अहो, त्याला बक्षीस देताय की नोटीस?" मी वर आले. साहेबही आला, शेपूट पायात घालून.

पलंगावरचं चालूच आहे. आठवड्यातून एकदा तरी. थकले आहे.

आई


२६ मार्च

चि. मुलीस,

माझी एक चूक सांगते. हसशील. हसलीस तर बरंच.

डॉक्टरिणीने सांगितल्याप्रमाणे मी सगळं करत होते. साहेब खाली विजेच्या खांबापाशी करायचा. मग आम्ही तीन जिने चढायचो. मी कुलूप उघडायचे, हात धुवायचे, चष्मा लावायचे, डबा काढायचे, आणि मग शाब्बास म्हणून बिस्कीट द्यायचे. दहा दिवसांनी तो काय करायला लागला माहीत आहे? खाली जायचा, खांबाला नुसता एक वळसा घालायचा आणि मला ओढत धापा टाकायला लावत वर आणायचा. दारात बसून डब्याकडे बघायचा. शू बैठकीत.

डॉक्टरिणीला फोन केला तर तिला हसू आवरेना. "काकू, त्याला वाटतंय जिना चढल्याचं बिस्कीट मिळतं. खाली, तिथेच, त्याच क्षणी म्हणायचं. वर येईपर्यंत तो कशाबद्दल ते विसरतो."

ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. आमच्याकडे पासचा शिक्का माल पेटीत भरून, पेटी बंद झाल्यावरच मारायचा असतो. मधल्या पट्ट्यावर शिक्का मारला असता तर नोकरी गेली असती.

तुझा शाळेचा शेवटचा निकाल लागला त्या दिवशी मी पूर्ण खात्यात गोळ्या वाटल्या होत्या. पट्ट्यावरच्या बायका, गाडीवाला, मोठा साहेब, सगळ्यांना सांगितलं, पोरगी पहिली आली. घरी येऊन तुला विचारलं, 'गणितातले दोन मार्क कुठे गेले?' गोळ्यांचं तुला कधी सांगितलं नाही. पुढे तुला नोकरी लागल्यावर सांगू, मग लग्नात सांगू, असं राहून गेलं. तुझी पेटी बंद व्हायची मी वाट बघत होते बहुतेक.

तर आता खिशात बिस्किटाचे तुकडे घेऊन खांबापाशी उभी असते. त्याने केलं की लगेच वाकायचं (गुडघे रडतात), पाठीवर हात, आणि शाब्बास. तिसऱ्या दिवशी आवाज थोडा बरा निघाला. पाचव्या दिवशी त्याने मागचे पाय झाडून माती उडवली, माझ्याकडे बघितलं आणि शेपूट अशी हलवली की कंबरेपासून सगळाच हलला. मला हसू आलं. रस्त्यात, एकटीला. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "आज नोटीस नाही वाटतं."

या आठवड्यात घरात एकदाच झालं. मी गप्प पुसलं. गप्प पुसणं हेही काम आहे, दात आवळावे लागतात.

कपाट हलवायला शिवणवाल्या बाई रविवारी येणार आहेत.

आई


६ एप्रिल

मुली,

कपाट हलवलं.

बाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. अठ्ठावीस वर्षांत ते हललं नव्हतं. घाण पुसायला मी खाली बसले तर भिंतीच्या कोपऱ्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. मला वाटलं जुनं फडकं. उलगडलं तर तुझी चड्डी. शाळेच्या गणवेशाखालची, लाल दोऱ्याने आतून फुलीची खूण केलेली, मीच करायची तशी. अशा तीन होत्या. सुकून पापडासारख्या कडक झालेल्या, कडेला पिवळे डाग.

बाईंनी विचारलं, "काय सापडलं?" मी म्हटलं, "चिंध्या." त्या चहा घेऊन गेल्या. मी तिथेच बसून राहिले. साहेब येऊन मांडीला टेकून बसला, त्याच्या जागेत मी काय करतेय म्हणून.

एका चादरीवरून, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. काय झालं ते नीट लिहिते. तुला सगळं माहीत आहेच, पण मी लिहिलेलं तू कधी बघितलं नाहीस.

तुझे बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. दोन महिन्यांनी गादी ओली व्हायला लागली. मी दुपारच्या पाळीला जायचे, सकाळी घरी असायचे. उठवून बघायचे तर हे. मला वाटलं, एवढी मोठी मुलगी, मुद्दाम करते, लक्ष वेधायला. मी चादर पुढच्या बाल्कनीत टाकायला लागले, रस्त्यावर. आणि शाळेची वेळ होईपर्यंत तिच्याशेजारी तुला उभी करायचे. जाणारे येणारे बघायचे. समोरची मुलं ओरडायची, ते मी ऐकायचे. मला वाटायचं लाज वाटली की सुटेल. कोणी विचारलं की सांगायचे, मागच्या बाल्कनीत ऊन येत नाही, पुढे येतं.

मग तुझं बंद झालं. मी म्हटलं, लागला गुण. आता कळलं काय झालं होतं ते. मी उठायच्या आत गादी उलटून, ओल्या चड्ड्या कपाटामागे ठेवायला तू शिकली होतीस.

दोन वर्षांपूर्वी तू छोटीला घेऊन आलीस, आठ दिवस राहायला. तिसऱ्या सकाळी तिची चादर ओली. नवं घर, नवा पलंग, चार वर्षांचं पोर. तू सामान आणायला गेली होतीस. मी चादर पुढच्या बाल्कनीत टाकली आणि तिला म्हटलं, वाळेपर्यंत इथेच उभी राहा. ती रडलीसुद्धा नाही, कठड्याचे गज धरून उभी राहिली. तू रस्त्यावरून वर बघितलंस. तुझ्या हातातली पिशवी खाली पडलेली मी वरून बघितली.

वर येऊन तू बॅग भरलीस. दहा मिनिटांत तिला घेऊन गेलीस. कंगवा राहिला. मी जिन्यात ओरडत होते, 'मी तुला असंच वाढवलं, तुझं काय वाईट झालं?' ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं.

तीन चड्ड्या मी धुतल्या. डाग जात नाहीत.

सुट्टीचं मी आता विचारत नाही.

आई


१९ एप्रिल

मुली,

तुझं कार्ड मिळालं. पत्रपेटीत हात घातला आणि तुझं अक्षर. जिन्यावरच बसले. चष्मा वर होता. वर जाऊन आणायला हवा होता, पण तीन शब्द होते, तेवढे चष्म्याशिवाय वाचता आले.

'तीन नाही. पाच.'

मी परत शोधलं. कपाटाच्या पाठीचा पत्रा खालून जरा सुटलेला आहे, त्याच्या आत ढकललेल्या होत्या दोन. मला हात घालता येईना, सांडशीने काढल्या. बरोबर आहे, पाच. तुझी मोजणी माझ्यापेक्षा नेहमीच चांगली.

तू एवढं लिहिलंस, तर मलाही एक लिहायला हवं. हे मावशीला माहीत नाही, डॉक्टरिणीला माहीत नाही. साहेबाला माहीत आहे.

पलंगावर त्याने कधीच केलं नाही. त्याला चढताच येत नाही. त्याचे पाय चार बोटांचे आणि पलंग माझ्या मांडीएवढा.

ते माझं होतं.

जानेवारीपासून होतंय. आधी खोकताना थेंबभर, मग एके सकाळी पूर्ण चादर. मी उठून बसले आणि मला कळेचना की हे कोणाचं आहे. घरात मी एकटी. तेव्हा साहेब आलाही नव्हता. मी चादर धुतली आणि मोरीत दोरी बांधून वाळत घातली, खिडकी लावून. दोन दिवस लागले, वास मारायला लागली. पुढच्या बाल्कनीत छान ऊन होतं.

मग साहेब आला, आणि मला कोणीतरी मिळालं ज्याच्यावर ढकलता येईल. त्या दिवशी दारात उभा करून त्याला बोलले ना, ते बाईंना ऐकू जावं म्हणूनच बोलले. मोठ्याने. म्हणजे दोरीवर चादर दिसली तर विचारायला नको. तो कान पाडून ऐकत होता. त्याने काही केलं नव्हतं. मग तो खोलीत गेला आणि कपाटामागे सरकला.

मी एकोणसत्तर वर्षांची आहे आणि मला लाज वाटते. चादर ओली दिसली की आधी खिडकी लावते. मुद्दाम कोणी करत नाही हे, हे मला कळायला स्वतःची चादर ओली व्हावी लागली, याचा फार राग येतो. माझाच. तू नऊ वर्षांची होतीस, तुझे बाबा गेले होते, आणि मी तुला रस्त्यासमोर उभं केलं. चुकले. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

डॉक्टरीण म्हणते शाब्बासकी त्याच क्षणी द्यायला हवी, नंतर उपयोग नसतो. तरी देते. त्या दिवशी तू छोटीला उचललंस आणि दहा मिनिटांत घरातून बाहेर काढलंस. माझं ऐकलं नाहीस, मागे बघितलं नाहीस. शाब्बास, मुंगे. बरोबर केलंस.

मुंगी म्हटलेलं तुला आता चालतं का, माहीत नाही.

आई


३ मे

मुंगे,

काल फोन वाजला तेव्हा मी हातात दोरी घेऊन दारात होते आणि साहेब ओढत होता, म्हणून धड बोलता आलं नाही. तसंही फोनवर मला सुचत नाही. तू विचारलंस ते इथे लिहिते.

दोन दिवस तर दोन दिवस. शनिवारी सकाळी या. जिन्यात पिशव्या घेऊन एकटी चढू नकोस, खालून हाक मार, बाई येतील.

साहेबाचं बरं चाललंय. अकरा दिवस घरात काही नाही. काल तो स्वतःहून दारापाशी जाऊन बसला आणि माझ्याकडे बघून एकदा हुंकारला. मी खाली नेईपर्यंत त्याने धरून ठेवलं. मी शाब्बास म्हटलं ते बाईंच्या मते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. घसा तोच आहे, काय करणार. छोटीला सांग, त्याला पाठीवर हात फिरवलेला आवडतो, कानाला लावलेला नाही. बिस्किटाचा डबा मी तिच्या हाताला येईल असा खाली ठेवलाय.

डॉक्टरकडे माझ्याबरोबर चल म्हणालीस, माणसांच्या. येईन. लाज वाटेल, पण येईन. तू आत बस माझ्याबरोबर. मी काही लपवायला लागले तर सांग त्यांना.

आता तू जे विचारलंस ते. तू म्हणालीस, छोटीचं अजून कधी कधी होतं, नव्या जागी तर होतंच, मग ती झोपणार कुठे. मी 'बघू' म्हटलं आणि तू गप्प झालीस. तुझ्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मी रात्रभर लावत बसले. तू माझ्या 'बघू'चा अर्थ लावत बसली असशील. म्हणून स्पष्ट लिहिते.

तिला माझ्याजवळ झोपू दे, माझ्या पलंगावर. गादीवर मेणकापड घातलंय, वर जुनी मऊ चादर, आणि उशाशी दुसरी घडी करून ठेवली आहे. सकाळी चादर ओली असली तर कोणाची, हे कोणी विचारायचं नाही. तूही नाही. आम्ही दोघी मिळून धुऊ आणि मागच्या बाल्कनीत टाकू.

तिथे ऊन येत नाही. दोन दिवस लागतील वाळायला. लागू देत.

आई